दात खाणारी पोरं आणि ‘टेन्शन काही नाही मॅडम’

दाढेवाली (धागाकर्ती) · रविवार, रात्री १०:१२

इंदूरला अन्नपूर्णा रोडवर माझा दातांचा दवाखाना आहे, अठरा वर्षं झाली. पूर्वी संध्याकाळी कवळीवाले आजी-आजोबा आणि शेव चावताना दाढेचा टवका उडालेली मंडळी यायची. आता भंवरकुआकडची कोचिंगची मुलं येतात. तक्रारी दोनच. “तोंड आलंय, एक बरं झालं की दुसरं उठतं,” नाहीतर “सकाळी उठलं की जबडा धरलेला असतो.”

परवाचा मुलगा सांगते. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.) वय २४, बुऱ्हाणपूरकडचा, सरकारी परीक्षेची तयारी चाललेली. तोंड उघडायला सांगितलं तर जेमतेम दोन बोटं मावली. एरवी तीन मावतात. खालच्या दाढांचे उंचवटे गायब, टाकी लावायला आलेल्या पाट्यासारख्या गुळगुळीत. गालाच्या आतून पांढरी रेघ. जिभेच्या दोन्ही कडांना दातांचे ठसे, करंजीला कातण फिरवल्यासारखे. कानापुढचा स्नायू नुसता दाबला तर डोळ्यांत पाणी आलं. दाढा पन्नाशीच्या, पोरगा चोविसाचा.

विचारलं, “काही टेन्शन आहे का?”

“नाही मॅडम, टेन्शन काही नाही.”

मला कॉलेजात वाचलेला एक अभ्यास आठवला. १९९८ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला, आणि तो चक्क दंतवैद्यकाच्याच विद्यार्थ्यांवर केलेला. ११ विद्यार्थी. प्रत्येकाच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणूस तोच, तोंड तेच. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे सुमारे ४० टक्के जास्त वेळ. परीक्षेच्या काळात एकाचीही जखम सुट्टीइतक्या लवकर भरली नाही. तेव्हा हे आम्ही मार्कांपुरतं पाठ केलं होतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आम्हा सगळ्यांचीच तोंडं आलेली होती!

तुमच्या घरात, कामाच्या ठिकाणी काय दिसतं? कशाचा खरोखर उपयोग झाला? ‘सकारात्मक विचार करा’ लिहिणाऱ्यांनी कृपया वेगळा धागा उघडावा.

मल्हारगंजवाला · रविवार, रात्री १०:४०

डॉक्टर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण थोडं टेन्शन हवंच. नाहीतर पोरं मोबाईल सोडत नाहीत. आमच्या कंपनीत ट्रेनिंगला एक आलेख दाखवायचे, उलट्या कढईसारखा. टेन्शन शून्य तर काम शून्य, टेन्शन फार तर काम पुन्हा शून्य, मधे टोक. माझा मुलगा बारावीला आहे, मी त्याला बरोबर मधे ठेवतो. आम्ही रस्त्याच्या दिव्याखाली बसून शिकलो, आमच्या दाढा शाबूत आहेत.

जीरावन · रविवार, रात्री १०:४४

भिया, इंदूरच्या प्रत्येक वडिलांनी रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केलाय. खांब एकच होता की पुष्कळ होते? माझे पप्पाही तिथेच बसायचे म्हणतात, तुमची ओळख असेल.

एमए_अर्धवट · रविवार, रात्री ११:३०

मल्हारगंजवाले काका, त्या कढईचं मूळ ऐका. १९०८, यर्क्स आणि डॉडसन. प्रयोग उंदरांवर. उंदराने काळ्या आणि पांढऱ्या पेटीतून पांढरी निवडायची. चुकला की विजेचा झटका. मूळ लेखात ‘ताण’ हा मुद्दाच नाही. विषय आहे झटक्याचा जोर आणि सवय लागायचा वेग. कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये झटक्याच्या जागी ‘प्रेशर’ हा शब्द पुढे कधीतरी चिकटला.

आणि त्यातली कामाची गोष्ट ट्रेनिंगवाले सांगत नाहीत. दोन पेट्यांतला फरक ठळक होता, म्हणजे काम सोपं होतं, तेव्हा झटका जितका जोराचा तितके उंदीर लवकर शिकले. फरक पुसट केला, काम अवघड झालं, की जोराच्या झटक्याने उंदीर मागे पडायला लागले आणि सौम्य झटकाच बरा ठरला. म्हणजे गच्चीवर पाण्याची बादली न्यायची असेल तर ओरडा, बादली लवकर येईल. कॅल्क्युलस शिकायचं असेल तर ओरडून काम बिघडतं.

गणित सोडवताना आपण मनातल्या एका छोट्याशा पाटीवर आकडे धरून ठेवतो. काळजीही त्याच पाटीवर लिहिली जाते. ‘नापास झालो तर’ एवढं एक वाक्य निम्मी पाटी खातं. सायन बाइलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंचं यावर बरंच काम आहे. ऐन परीक्षेत येत असलेलं विसरतं ते यामुळे, अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे.

मल्हारगंजवाला · रविवार, रात्री ११:३८

उंदरांवरून माझ्या मुलाचं ठरवू नका.

जीरावन · रविवार, रात्री ११:३९

आलेख तुम्हीच आणलात काका 😄

जीएसवाले_आजोबा · सोमवार, सकाळी ६:०५

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालो. शब्दांचा एक घोटाळा सांगतो. तारेला वजन लटकवलं की तारेच्या आत जे उत्पन्न होतं ते प्रतिबल, इंग्रजीत ‘स्ट्रेस’, आणि त्यामुळे तार ज्या प्रमाणात लांबते ती विकृती, म्हणजे ‘स्ट्रेन’. पहिलं कारण, दुसरं परिणाम. माणसांच्या बाबतीत आपण दोन्हींना ‘ताण’ म्हणतो, म्हणून निम्मे वाद होतात. बाप म्हणतो ताण मुळीच जास्त नाही, तो वजनाबद्दल बोलतोय. पोरगा लांबलेला असतो.

हा घोटाळा आपलाच नाही. ज्यांनी ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात आणून रुजवला ते हान्स सेल्ये व्हिएन्नात जन्मलेले, काम माँट्रियलला. १९३६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचं छोटंसं टिपण आलं. उंदरांना गारठ्यात ठेवा, इजा करा, दमेपर्यंत पळवा, औषध टोचा. इजा कोणतीही असो, आतून तेच तीन बदल दिसतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी वाढलेल्या, थायमस ग्रंथी आक्रसलेली, पोटात व्रण. पुढे त्यांनीच कबूल केलं की आपलं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं, नाहीतर कारणाचा शब्द परिणामाला लावला नसता.

आणखी एक. लोखंड एका मोठ्या वजनाने क्वचित तुटतं. पेलवणारंच वजन लाखो वेळा चढ-उतार करत राहिलं की आत बारीक चीर पडते, आणि एक दिवस साध्या वजनाला दांडा मोडतो. डॉक्टर, दातांचंही असंच असावं असा माझा अंदाज.

दाढेवाली · सोमवार, सकाळी ८:५०

आजोबा, तंतोतंत. “काल फक्त मऊ पोळी खाल्ली नि दाढ चिरली,” असं सांगत येतात. पोळीचा काय दोष! जेवणात दात एकमेकांवर टेकतात ते सगळं मिळून काही मिनिटं. रात्री दात खाणाऱ्याचं काम रात्रभर अधूनमधून चालूच.

पण एक स्पष्ट करते. दात खाणारा प्रत्येक जण ताणाखालीच असतो असं नाही. दिवसा नकळत दात आवळून बसणाऱ्यांत ताणाचा संबंध जास्त दिसतो. रात्रीच्या दात खाण्यामागे झोपेचे बिघाड, सिगारेट, दारू, चहा-कॉफीचा मारा हेही असतं. तोंड येण्यामागे बी-१२ ची कमतरता असू शकते. आणि तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, त्यात गुटख्याची सवय असेल, तर ताणबीण विसरा, आधी तपासणी.

सुदामानगरची_सून · सोमवार, दुपारी ३:२०

दुपारी सासूबाईंचा डोळा लागतो तेवढ्यात लिहिते. त्यांना विस्मरणाचा आजार होऊन चौथं वर्ष. रात्री दोनला उठून दार उघडतात, ‘शाळेला उशीर होतोय’ म्हणतात. त्या शिक्षिका होत्या.

एकादशीला साबुदाणावडे तळताना मनगटावर तेल उडालं. एवढासा डाग, आठ आण्याएवढा. महिना होत आला, अजून ओला आहे. नणंदेचं म्हणणं, मी पथ्य पाळत नाही. दाढेवाली ताई, तुमच्या ११ विद्यार्थ्यांचं वाचलं आणि बराच वेळ मनगटाकडे बघत बसले.

दाढेवाली · सोमवार, दुपारी ४:०२

ताई, आधी साखर तपासून घ्या, उद्याच. मग पुढचं वाचा.

१९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अगदी तुमच्यासारख्या बायकांवरचा अभ्यास आला होता. संशोधक जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर. टाळूच्या अभ्यासातही त्या होत्याच. स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसाची सेवा करणाऱ्या १३ जणी, आणि त्यांच्याच वयाच्या, तेवढ्याच मिळकतीच्या पण ही जबाबदारी नसलेल्या १३ जणी. हातावर सारखीच छोटी जखम. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. नणंदेला हे दाखवा.

सुदामानगरची_सून · सोमवार, दुपारी ४:०९

नऊ दिवस. नवरात्र अख्खं.

उठल्या त्या. येते.

रात्रपाळी · मंगळवार, पहाटे ५:१५

सुपर कॉरिडॉरवरून घरी आलो आत्ता. परदेशी क्लायंट, त्यांची सकाळ ती आमची रात्र. दोन गोष्टी लिहून झोपतो.

एक, झोप. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्येच आलं होतं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्याचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे दुपारी बाराला उठलेला मी पहाटे पाचला विजयनगर चौकातून बाईक नेतो तेव्हा पोलिसाने पकडायला हवं. फुंकणीत काही दिसत नाही म्हणून सुटतो.

दुसरी गोष्ट लंडनची. तिथल्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास. मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. १९६७ ला पहिला टप्पा सुरू झाला. सगळ्यांना वाटायचं, वरच्या साहेबाला जबाबदारी जास्त, म्हणजे हार्ट अटॅकही त्यालाच. निघालं उलटं. सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरूनही फरक पुरता मिटेना. १९८५ पासून दुसरा टप्पा, १०,३०८ स्त्री-पुरुष, वय ३५ ते ५५. त्यात दिसलं की आपलं काम कसं, केव्हा, कोणत्या क्रमाने करायचं यात ज्याला बोलता येत नाही, त्याला हृदयविकाराचा धोका जास्त.

मला हे लगेच पटलं. माझं काम फार नाही हो. पण जेवायला कधी उठायचं हेसुद्धा स्क्रीनवरचा हिरवा दिवा ठरवतो. आधीच्या कंपनीत (नाव नको) मॅनेजरला दुप्पट काम होतं, पण तो गाणं गुणगुणत असायचा. एचआरला ‘बर्नआउट’ (कामाने पार थकून जाणं) म्हणालो तर उत्तर आलं, ‘तो आजार नाही, सुट्टी बसत नाही.’ चिडून शोधलं तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खरंच त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणची घटना म्हटलंय. म्हणजे दोष कामाच्या जागेत शोधा! एचआरने अर्धंच वाचलं.

केळीवाला · मंगळवार, दुपारी १२:३०

आम्ही मूळचे बुऱ्हाणपूरचे, केळीवाले. डॉक्टरांचा पेशंट आमच्याकडचा वाटतो म्हणून लिहितोय.

तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला होता. ४६४ शेतकरी, ५४ गावं. तेच शेतकरी, तोडणीआधी एकदा आणि पैसे हातात आल्यावर एकदा. आकृत्यांची कोडी आणि आकड्यांची चाचणी. तोडणीआधी तोच माणूस कमी अकलेचा वाटावा इतका मागे पडला. तेव्हा ७८ टक्क्यांचं काही ना काही गहाण पडलेलं होतं, पैसे आल्यावर फक्त ४ टक्क्यांचं.

घड पिकायच्या आधीच्या महिन्यात वारा सुटला की आमचे बाबा मोजलेले पैसे पुन्हा पुन्हा मोजायचे आणि दर वेळी वेगळे भरायचे. आई म्हणायची, आत्ता त्यांना काही विचारू नका. घड गाडीत चढले की तेच बाबा चार आकडी गुणाकार तोंडी करायचे. आम्ही समजायचो की बाबांचा स्वभाव लहरी.

शंकासुर · मंगळवार, संध्याकाळी ७:४८

माझं नावच शंकासुर, तेव्हा शिव्या द्या पण वाचा.

११ विद्यार्थी, १३ बायका. आकडे लहान आहेत. व्हाइटहॉल मोठा, पण तो निरीक्षणाचा अभ्यास. कोणी मुद्दाम कोणाचे अधिकार काढून पाहिलेले नाहीत. उसाच्या अभ्यासात चाचणी दुसऱ्यांदा देताना सरावही झालेला असतो. लेखकांनी तो वजा करायचा प्रयत्न केला होता हे खरं.

बाइलॉक बाईंचा एक अभ्यास फार फिरतो: परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढा, मार्क वाढतात. २०११, ‘सायन्स’. २०१८ मध्ये काही गटांनी मिळून ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले सामाजिक शास्त्रांचे २१ प्रयोग पुन्हा करून पाहिले. १३ टिकले, ८ पडले. हा पडलेल्यांत होता.

ताण खोटा असं मी म्हणत नाही. सर्दीचा अभ्यास मला पटतो. शेल्डन कोहेन, १९९१, ३९४ निरोगी लोकांच्या नाकात मोजून विषाणूचे थेंब घातले आणि वेगळं ठेवून वाट पाहिली. ज्यांचा ताण जास्त त्यांना सर्दी जास्त. पुढे १९९८ च्या अभ्यासात आणखी बारीक निघालं: थोड्या दिवसांच्या मोठ्या धक्क्याने फारसा फरक नाही, पण महिनाभर किंवा जास्त चाललेलं दुखणं, म्हणजे बेकारी किंवा घरातली भांडणं, यांनी धोका स्पष्ट वाढला. म्हणून माझा प्रश्न ‘किती’पेक्षा ‘किती दिवस’ असा आहे.

एमए_अर्धवट · मंगळवार, रात्री ८:१५

लिहून काढण्याचं माहीत नव्हतं. मी क्लासमध्ये पोरांना करायला लावते ते. आता काय करू?

शंकासुर · मंगळवार, रात्री ८:२०

करू द्या. मार्क वाढतील असं सांगू नका, बस.

तिसरा_अटेम्प्ट · बुधवार, रात्री १:०५

भंवरकुआला राहतो. तिघं एका खोलीत, मेस खाली. हा धागा माझ्या ताईने पाठवला.

अभ्यासाचं टेन्शन खरंच नाही, डॉक्टर. तुमचा पेशंट खोटं बोलत नसणार. पुस्तक घेऊन बसलो की बरं वाटतं. टेन्शन तारखेचं आहे. परीक्षा कधी, ठाऊक नाही. झाली तर निकाल कधी, ठाऊक नाही. परीक्षा पुढे गेली की घरी फोन कोणी करायचा यावर आम्ही तिघं चिठ्ठ्या टाकतो. ज्याची निघेल तो आधी आपल्या घरी सांगतो, मग बाकीच्यांना धीर येतो. पहिल्या वेळी मी पोहे-जिलबी खाऊन परीक्षेला गेलो होतो. दुसऱ्या वेळी चहासुद्धा जाईना.

आमच्यातला एक रात्री दात खातो. कोरडी खारीक फोडल्यासारखा आवाज येतो. आम्ही दोघं उठतो, त्याला कुशीवर करतो, मग थांबतं. सकाळी सांगितलं तर म्हणतो, ‘मी? छे.’

दाढेवाली · बुधवार, सकाळी ९:१०

त्या मित्राला घेऊन या. फी नंतर बघू. आणि तिघांसाठी: टेलि-मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं, मराठीतही बोलता येतं. वेड लागल्यावरच फोन करायचा असं काही नाही. एक वाजता लिहीत बसण्याऐवजी करून पाहा.

तिसरा_अटेम्प्ट · बुधवार, रात्री ११:५०

आज चिठ्ठीऐवजी मीच आधी फोन केला, घरी. पप्पा म्हणाले, ‘तारीख नाही तर नाही, दोन दिवस घरी ये, तुरीच्या शेंगा आल्यात.’ उद्याच्या सकाळच्या बसने जातोय. दात खाणाऱ्याला शनिवारी पाठवतो, पत्ता द्या.

मल्हारगंजवाला · गुरुवार, सकाळी ७:३०

एक विचारायचं होतं. काल दाढी करताना गाल आतून पाहिला. तुम्ही लिहिलेली पांढरी रेघ आहे, दोन्ही बाजूंना. मुलाच्या नाही, माझ्या. बायको म्हणते मी रात्री आवाज करतो, वर्षं झाली, ती कापूस घालून झोपते. मला आजवर सांगितलं नव्हतं.

ते रात्री दातांवर घालायचं असतं त्याला काय खर्च येतो? आणि घातलं की हे बंद होतं का?

दाढेवाली · गुरुवार, सकाळी ९:२५

काका, नाईट गार्डने दात खाणं बंद होत नाही. दातांऐवजी तुम्ही गार्ड खाता, दात वाचतात. नुसती रेघ म्हणजे आजार नव्हे, पण आवाज वर्षानुवर्षांचा असेल तर दाढा बघायला हव्यात. घोरत असाल तर तेही सांगा, झोपेची तपासणी लागू शकते. खर्च माप घेतल्यावर सांगते, इथे नको.

तोवर एवढंच करा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेली. जबडा असा असायला हवा. मुलाच्या टेबलावर एक चिकट चिठ्ठी लावा, तुमच्या टीव्हीवर एक. नजर गेली की दात सुटे करायचे.

गार्ड बनवलाच तर थंड पाण्याने धुवा. गरम पाण्यात टाकू नका, आकार जातो. आणि डबीत ठेवा, कागदाच्या रुमालात नको. गेल्या महिन्यात एकांचा रुमालासकट घंटागाडीत गेला, आणि आपल्या इंदूरात गाडीत गेलेलं परत मिळत नाही.

जीरावन · गुरुवार, सकाळी ९:२७

ओला कचरा की सुका?